आईने शिकवलेली उलटी धाव

प्रिय आई,

आज फुटबॉलच्या कोचनी, मिस्टर डॉसननी, शाळेच्या मैदानावर माझ्या हातात शिट्टी ठेवली आणि म्हणाले, "या वर्षी बॅक्स तू तयार करायचेस." समोर चार मुलं उभी होती. दोन मुलगे, दोन मुली, चौघंही नवीन. मी तोंड उघडलं आणि काय सांगू आई, इंग्लिश शब्दच सुचेना! जन्मभर तुला इंग्लिशमध्ये उत्तरं देणारा मी! डोक्यात सगळं तुझ्या आवाजात, तुझ्या मराठीत होतं. "टाच उचल. कंबर बघ. घाई नको." मुलं माझ्याकडे बघत राहिली आणि मी त्यांच्याकडे.

घरी आलो आणि वही काढून बसलो. तुला जाऊन दहा महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. पाठवणार कुठे होतो म्हणा! पण तुला सांगायचं एक राहून गेलंय, आणि ते मराठीतच सांगायचंय.

युद्ध संपल्यावर आम्ही कुवेतला परत आलोय. बाबांना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पुन्हा बोलावलं, आणि माझं शाळेचं शेवटचं वर्ष इथेच पुरं करायचं ठरलं. अबू हलीफाचा आपला फ्लॅट आहे तसाच आहे. तुझ्या स्वयंपाकघराच्या जाळीवर मात्र तेलविहिरींच्या धुराची काजळी बोटभर साचली होती. बाबांनी तीन दिवस घासली. खिडकीतून समुद्र दिसतो, पण वाळूवर जायला बंदी आहे. सुरुंग काढायचं काम चालू आहे, काठाने तारा ओढून लाल पाट्या लावल्यात. आपली वाळू गं! जिथे तू मला रोज पहाटे उलटं पळवायचीस ती!

तू पहिल्यांदा आमच्या मैदानावर आलीस तो दिवस आठवतो का? तू प्रायमरीच्या मुलांना पीटी शिकवायचीस आणि पलीकडच्या अर्ध्या मैदानात आमचं अमेरिकन फुटबॉल चालायचं. हेल्मेट नाही, ढकलाढकली नाही, कमरेला लावलेली पट्टी ओढली की माणूस पकडला गेला. मी नेमका बॅक होतो. समोरच्या टीमचा जो पास झेलायला पळतो त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे पळायचं आणि त्याला झेलू द्यायचं नाही. मी दर वेळी पडायचो. मिस्टर डॉसन ओरडायचे, मी पुन्हा पडायचो.

तू तुझ्या मुलांना रांगेत बसवलंस आणि सरळ आमच्यात आलीस. "पडणारच की हा. टाचांवर उभा आहे लेकाचा!"

सगळ्यांसमोर, मराठीत! मला धरणी दुभंगावी असं झालं. मी पुटपुटलो, "आई, प्लीज. इथे नको."

मिस्टर डॉसननी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मी म्हणालो, "काही नाही. हॅलो म्हणतेय."

तू हसलीस. तुला इंग्लिश कळत होतं ना! मग ओढणी कमरेला खोचलीस, गुडघ्यांत वाकलीस आणि उलटी पळालीस. अख्खं मैदान, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोकं जराही वरखाली नाही, खांदे पुढे, पावलं जमिनीला घासून चालल्यासारखी. मध्येच कंबर वळवलीस आणि त्याच वेगात सरळ पळत सुटलीस. कुठे वळलीस तेही कुणाला कळलं नाही. मग मिस्टर डॉसन म्हणाले, "मिसेस जाधव, हे पुन्हा करून दाखवाल का?"

साताऱ्यात तू खो-खो खेळायचीस हे मला माहीत होतं. कपाटावर तो एक जिंकलेला कप होता, त्यात तू पेनं ठेवायचीस. पण खेळायचीस म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं.

मग तू आमची बॅक्सची सरच झालीस. सर म्हणू की मॅडम? मुलं तुला "मिसेस जे" म्हणायची. दोन दिवस तू नुसतीच बघत उभी राहिलीस. तिसऱ्या दिवशी आम्हा पाच जणांना बोलावलंस आणि म्हणालीस, "समोरचा हूल देणार. खांद्याने देईल, डोळ्यांनी देईल, डोक्याने देईल. तिकडे बघायचंच नाही. कमरेकडे बघा. कंबर जाईल तिकडेच माणूस जातो." मी भाषांतर करत होतो. त्या वेळी बरोबर केलं, बरं का!

आणि चेंडूकडे कधी बघायचं, हे मी विचारल्यावर तू किती खूश झालीस! "शहाणा प्रश्न! चेंडू तुझ्या पाठीमागून येतो, तुला दिसणार कसा? त्याचे हात बघ. चेंडू जवळ आला की त्याचे हात वर येतात, डोळे मोठे होतात. तेव्हा तुझा हात त्याच्या हातांमध्ये घाल. त्याच्या आधी वळलास तर गेलास."

ज्या दिवशी आम्ही एकेकाला धरून राहायचो त्याला तू नाव दिलंस सावली. ज्या दिवशी प्रत्येकाने आपापली जागा राखायची आणि त्या जागेत जो येईल त्याला अडवायचं, त्याला अंगण. पुढे मॅचमध्ये मिस्टर डॉसन बाजूला उभे राहून ओरडायचे, "आंगान! आंगान!" समोरच्या टीमला काही म्हणता काही कळायचं नाही. तू तोंडाला ओढणी लावून हसायचीस.

उन्हाळा सुरू झाला की पहाटे आपण दोघंच समुद्रावर. तू वाळूत पायाने रेघ ओढायचीस. रेघेवरून पाच पावलं उलटं, एक पाय रोवायचा, तिरकं पुढे, पुन्हा उलटं. वाळूत पाय रुतायचे, पोटऱ्या पेटायच्या. तू टेनिसचा चेंडू दोन्ही हातांत धरून म्हणायचीस, "कुठला सोडणार ते मला विचारू नकोस, पाय हलके ठेव." मी म्हणायचो, "वन मोअर, आई." तू वाळूत बसायचीस आणि म्हणायचीस, "थांब रे, जरा दम घेते."

जरा दम घेते! किती वेळा म्हणालीस गं तू ते! आणि मला वाटायचं, आईचं वय झालंय. चाळीशीत वय होतं का कुणाचं? तू मला का नाही सांगितलंस? लहानपणी ताप आला होता, हृदयाची झडप कायमची खराब झाली होती, लग्नाआधीच डॉक्टरांनी पळायला मनाई केली होती, हे मला साताऱ्याच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एका अनोळखी डॉक्टरच्या तोंडून कळावं? यावर मी अजून रागावलेलो आहे. हो, आहे.

आता ते लिहितो, ज्यासाठी वही काढली.

इराकच्या आक्रमणाच्या आधीच्या वसंतातली शेवटची मॅच, अहमदीच्या शाळेच्या मुलांशी. माझ्यासमोर तो उंच, सोनेरी केसांचा मुलगा होता. दोनदा तो सात पावलं आला, गर्रकन वळला आणि छोटा पास घेऊन गेला. मी चिडलो. मनाशी म्हटलं, तिसऱ्यांदा वळायच्या आत मीच पुढे झेप घेणार. तू बाजूने ओरडलीस, "निखिल, कंबर!" मी ऐकलं, आई. ऐकलं आणि तरी पास टाकणाऱ्याकडे बघितलं. त्याने हात उचलला, टाकल्यासारखं केलं, मी पुढे उडी मारली. आणि तो उंच मुलगा वळलाच नाही! माझ्या शेजारून निघून गेला. मागे कुणीच नव्हतं. चेंडू त्याच्या हातात अलगद पडला आणि आम्ही हरलो.

तू पाण्याची बाटली घेऊन आलीस. "झालं ते झालं. बॅकने मागचा चेंडू विसरायचा असतो. आता पुढचं बघ."

आणि मी सगळ्या टीमसमोर इंग्लिशमध्ये तुला म्हणालो, "तू माझी कोच नाहीस. तू खो-खो खेळायचीस. तो खेळ जगात कुणाला माहीतसुद्धा नाही."

तू कमरेची ओढणी सोडलीस, नीट खांद्यावर घेतलीस आणि बाटली माझ्या बॅगेशेजारी ठेवलीस. घरी येताना टॅक्सीत खिडकीबाहेर बघत होतीस.

आठवडाभर मी माफी मागितली नाही. मग एका सकाळी चहा पिताना म्हणालो, "या सुट्टीत साताऱ्याला नको जाऊ या. मला प्रॅक्टिस करायचीय, तुझ्याबरोबर." ती माझी माफी होती. तुला ती कळली, कारण तुझा चेहरा एकदम उजळला. त्या सुट्टीत तुला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

आणि म्हणून ऑगस्टमध्ये आपण इथे होतो.

त्या पहाटे आपण वाळूवर जायला निघालो होतो. जिन्यात इब्राहिमचाचांनी अडवलं. खालच्या त्यांच्या बकाल्याचं, म्हणजे किराणा दुकानाचं, शटर त्यांनी अर्धं ओढलं होतं. "वहिनी, वर जा. सैन्य शिरलंय. बाहेर पाऊल टाकू नका." दापोलीचा तो बोलका माणूस, त्या दिवशी त्यांच्या तोंडून एवढंच निघालं. दूर काहीतरी फुटत होतं. बाबा तरी हॉस्पिटलला गेलेच. "लॅब बंद केली तर रक्त कोण तपासणार?" म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस आपण घरात. इब्राहिमचाचा पिठाची पिशवी दारात ठेवून जायचे. तू दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लावलंस आणि मला त्या दहा फुटांत उलटं चालायला लावलंस. भीती वाटते म्हटलं की म्हणायचीस, "पाय हलके ठेव."

मग बाबांनी आपल्या दोघांना बसमध्ये बसवलं. ते पेशंट सोडून येईनात. तू त्यांच्याशी भांडलीस, रडलीस आणि शेवटी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलंस. बसरा, बगदाद आणि मग ती न संपणारी वाट जॉर्डनच्या हद्दीपर्यंत. वाळवंटातले तंबू, ऊन, धूळ. पाण्याच्या टँकरपुढच्या रांगा. तू रांगेत उभी राहायचीस आणि मध्येच खाली बसायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, "ऊन लागलं."

तिथली एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते आणि हसू येतं. ट्रकवरून पावाची पाकिटं फेकत होते. हजार हात वर! फेकणारा माणूस डावीकडे बघत होता, तिकडे गर्दी लोटली. मी त्याच्या कमरेकडे बघितलं. ती उजवीकडे वळत होती. मी दोन पावलं मागे सरलो, वळलो, पळालो आणि उडी मारून पाकीट हवेतच पकडलं. मागून तुझा आवाज आला. त्या सगळ्या आक्रोशात तू टाळ्या वाजवत होतीस! "घेतला! घेतला! शाबास रे माझ्या वाघा!" आजूबाजूची माणसं तुझ्याकडे बघायला लागली.

आणि मी पाकीट तुला दिल्यावर तू ते शेजारच्या तंबूतल्या दोन लेकरांच्या आईला देऊन टाकलंस! "आपल्याकडे बिस्किटं आहेत," म्हणालीस. होती किती? चार! मी केवढा चिडलो होतो. त्या बाईने तुझा हात आपल्या डोळ्यांना लावला तेव्हा गप्प बसलो.

मुंबईला विमानातून उतरलो तेव्हा तुझे पाय सुजलेले होते. बाबा दिवाळीच्या सुमाराला कुवेतमधून सुटून आले. तोवर तुला दोनदा हॉस्पिटलमध्ये ठेवून झालं होतं.

जानेवारीतली ती दुपार. वॉर्डातल्या कुणाच्या तरी रेडिओवर कुवेतच्या लढाईच्या बातम्या चालल्या होत्या. तू उशीला टेकून बसली होतीस. मी तुझ्या पायांशी बसलो आणि म्हणालो, "आय ॲम सॉरी, आई. दॅट मॅच." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मराठीत सांग."

मी शब्द जुळवत होतो. "मला माफ कर" म्हणायचं, की "माझं चुकलं"? सिनेमातल्यासारखं वाटेल का? एवढ्यात नर्स आली, तुला ऑक्सिजन लावला, मला बाहेर पाठवलं. त्यानंतर तू बोललीच नाहीस.

माझं चुकलं, आई. मी तुला सगळ्यांसमोर लागेल असं बोललो. तुझा खेळ जगाला माहीत नसेल, मला माहीत होता. मला लाज तुझी नव्हती वाटत. मी हरलो त्याची वाटत होती, आणि ती मी तुझ्या अंगावर टाकली. माझं चुकलं.

बघ, एवढंच होतं. किती सोपं होतं!

काल इथपर्यंत लिहिलं आणि पुढे लिहवेना. बाबा ड्युटीवरून आले, आम्ही जेवायला बसलो. खिचडी होती. आमच्याकडे आता बहुतेक खिचडीच असते. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"बाबा, त्या सुट्टीत आपण माझ्यामुळे थांबलो. मी हट्ट केला नसता तर आई डॉक्टरांकडे गेली असती. तो प्रवास तिला करावा लागला नसता. माझ्यामुळे ती…"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"हे तू दहा महिने घेऊन फिरतोयस?"

मी मान हलवली.

"अरे, तू म्हणाला नसतास तर तीच म्हणणार होती. तू बोललास त्याच्या आदल्याच दिवशी मला म्हणाली होती, मला यंदा जायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांचं काय? तर म्हणाली, डिसेंबरात दाखवू. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा काय म्हणाली माहितीये? लग्नानंतर अठरा वर्षांनी मला कुणीतरी मैदानावर बोलावतंय हो. एवढा उन्हाळा माझा मला द्या."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "मी दिला. जोर करायला हवा होता मी. नाही केला. तिचा चेहरा बघून नाही केला."

म्हणजे तोही माणूस दहा महिने तेच घेऊन फिरत होता! एकाच टेबलावर, समोरासमोर, रोज खिचडी खात! आणि तू, आई, तुला तो उन्हाळा हवा होता. मी मागितला म्हणून नाही, तुझा तुलाच हवा होता. मला वाटायचं, तू माझ्यासाठी पळतेयस. हे कळल्यावर मी रडलो, पण छातीवरचं काहीतरी सरकलंही.

ताटं तशीच पडली होती. बाबांनी डोळे पुसले आणि जरा संकोचून म्हणाले, "मी कधी बघितलंच नाही. ती मैदानावर असायची तेव्हा मी लॅबमध्ये. काय शिकवायची रे ती? मला दाखवतोस?"

आम्ही टेबल सरकवलं. बाबा लेंग्यात, चष्मा काढून खिशात ठेवलेला. मी त्यांना गुडघ्यांत वाकायला लावलं. "खांदे पुढे, बाबा. माझ्या कमरेकडे बघा." मी पुढे येत गेलो, ते मागे जात गेले. चार पावलं! पाचव्या पावलाला सोफ्यावर धपकन बसले. आधी ते हसले, मग मी. आम्ही परतल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं, आई. खालून इब्राहिमचाचांनी ओरडून विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही, चाचा!" बाबा ओरडले. "खेळतोय!"

मग उठले, लेंगा वर खोचला आणि मला म्हणाले, "चल. परत."

आज दुपारी त्या चार मुलांना मी सगळं सांगितलं. इंग्लिश जिथे अडलं तिथे मराठीत सांगितलं. त्यांना कळलं. एका मुलीने विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हणालो, "सुनंदा जाधव. माझी आई. साताऱ्याची खो-खोची खेळाडू." तिने तुझं नाव दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा बरोबर म्हणाली.

आता तुला वचन देतो. बाबांना मी एकटं जेवू देणार नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचंही हृदय एकदा तपासून घ्यायला त्यांना डॉक्टरांकडे नेतो. नाही म्हणाले तरी नेणार, कुणाचाही चेहरा बघून थांबणार नाही. आणि गुरुवारी मॅच आहे, तेव्हा त्यांना मैदानावर आणतो. त्यांनी सुट्टी टाकलीसुद्धा. काय ओरडायचं असतं, विचारत होते.

तुझ्यासाठी आसुसलेला,
निखिल